मामंजी, आत्याबाई आणि इरावतीबाई

इरावती कर्वे यांनी बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली कवट्या मोजल्या. कवटीच्या दोन बाजूंतला फरक वंशावर ठरतो, ही गुरूची अटकळ मापांत उतरली नाही आणि बाईंनी ते तसेच लिहिले. 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' (१९५३) मी त्याच विश्वासाने वाचत आलो.

महाराष्ट्र त्यांनी मध्य विभागात ठेवला. आपल्याकडे अनेक जातींत मामाची मुलगी करतात, आत्याची सहसा नाही. सून सासूला 'आत्याबाई' म्हणते ते याला धरूनच. मामाच्या मुलीची सासू तिची आत्याच असते. पण सासरा 'मामंजी' कसा? आत्याच्या नवऱ्याला पुष्कळ घरांत मामाच म्हणतात, असे उत्तर मिळते. त्याने प्रश्न मिटत नाही, मागे सरकतो. आईचा भाऊ आणि आत्याचा नवरा यांना एकच शब्द ही तमिळची रीत. तिथे लग्न दोन्हीकडून चालते. म्हणजे आपल्याकडे शब्द दक्षिणेचा राहिला, नियम मात्र अर्धाच. 'मध्य' ही निव्वळ सरमिसळ नव्हे. शब्दाचे वय वेगळे, रूढीचे वेगळे, असे मला वाटते.

शिवाय 'मुलगी करणे' ही भाषाच मुलाकडची. तिला काय वाटे, हे नात्यांच्या तक्त्यात कुठे मांडणार? बाईंनी ती बाजू 'परिपूर्ती'त लिहिली. अमक्याची मुलगी, सून, पत्नी अशी ओळख ऐकून अपुरे वाटणारी स्त्री, मुलाची आई म्हणून ओळखली जाताच भरून पावते. लेख सुरेखच. पण गुरूची अटकळ मोडणाऱ्या बाईंनी इथे मोजपट्टी फार लवकर खाली ठेवली, ही माझी तक्रार अजून गेलेली नाही.