मुळाचा रंग वाचताना

ऑर्किडचं कौतुक फुलापाशी सुरू होतं आणि बहुतेक वेळा तिथंच संपतं. भिवंडीत एखाद्या बाल्कनीच्या ग्रिलला टांगलेली कुंडी निरखून बघा. पानांखालून जाड, रुपेरी मुळं बाहेर पडलेली, काही खाली लोंबणारी, एखादं गजाला बिलगलेलं. घरातल्यांना तो पसारा वाटतो आणि कुंडी बदलताना पहिली कात्री तिथंच चालते. मला या झाडाचं खरं सौष्ठव त्या पसाऱ्यातच दिसतं.

कोरडं मूळ पांढरट असतं. पाणी शिंपडलं की डोळ्यांदेखत हिरवं होतं. बाहेरचा जाड थर मेलेल्या, पोकळ पेशींचा असतो. त्यात हवा असते तोवर तो पांढरा दिसतो, पाणी भरलं की पारदर्शक होतो आणि आतलं हरितद्रव्य उघडं पडतं. मेलेल्या पेशींनी जित्या मुळाची तहान भागवावी, ही रचना मला कुठल्याही पाकळीहून देखणी वाटते. हे मूळ उजेडात अन्नही तयार करतं. सह्याद्रीतल्या टीनिओफायलम या इवल्या ऑर्किडला तर नाव घेण्याजोगी पानंच नसतात, सगळा संसार मुळांवर.

आपली सीतेची वेणी, तीही ऑर्किडच, रानात झाडांच्या फांद्यांवर वाढते आणि पावसाच्या तोंडावर फुलते. (ती रानातून उतरवून आणू नये, रोपवाटिकेतूनच घ्यावी.) सरीचं पहिलं पाणी फांदीवरची धूळ आणि पाखरांची शीट धुऊन खाली आणतं. क्षार त्यातच जास्त, आणि मुळाचा तो थर नेमकं हेच पाणी टिपून धरतो. जे मिळेल ते हा थर असा धरून ठेवतो, म्हणून कुंडीतल्या ऑर्किडला खत अगदी पातळ करूनच द्यायचं.

आता कुंडी बदलण्याचं. हवेत वाढलेलं मूळ नारळाच्या ओल्या सोडणात कोंबलं की बहुधा गुदमरून कुजतं. ते बाहेरच राहू द्यावं. आत फुटणारी नवी मुळं आतल्या ओलीला सरावतात. सुकं मूळ वाकवलं तर कडकन मोडतं, म्हणून आधी थोडा वेळ पाण्यात भिजवावं. कापायचं ते फक्त दाबल्यावर पोकळ किंवा लिबलिबीत लागणारं, ज्याची साल ओढली की हातात नुसता दोरा उरतो. पांढरं पण टणक मूळ तहानलेलं आहे, मेलेलं नाही. याच गफलतीत घरोघरी चांगली मुळं छाटली जातात.

मूळ जिथं टेकतं तिथं चपटं होऊन घट्ट चिकटतं. मातीच्या कुंडीला चिकटलं असेल तर खरवडू नये. कुंडी फोडावी आणि ते खापर मुळासकट कोळसा, विटांचे तुकडे आणि सोडण यांत बसवावं. कुंडीचा लोभ इथं महागात पडतो.

भिवंडीच्या पावसाळ्यात हवेतच इतकी ओल असते की बाहेरच्या मुळांकडे बघावंही लागत नाही. एप्रिलच्या कोरड्या उन्हात मात्र सकाळी फवारा हवाच. लूमच्या गल्लीत राहत असाल तर मुळांवर बसलेलं कापसाचं तूसही त्यानं धुऊन निघतं. कुंडी बदलायची वेळ कॅलेंडरवर शोधू नये. खोडाच्या बुडाशी नव्या मुळांचे हिरवे कोंब डोकावले की बदलावी. कोंब बोटभर वाढेपर्यंत थांबलात तर कुंडीत बसवताना त्यांची कोवळी टोकं मोडतात.