गिधाड एक नव्हे, दोन : एक चिकित्सा

गिधाडांच्या ऱ्हासाची चर्चा मराठीत बहुधा एकाच पक्ष्याची असल्यासारखी केली जाते. पांढऱ्या पाठीचे आणि लांब चोचीचे गिधाड ही दोन्ही 'जिप्स' या एकाच प्रजातीतील, दोन्ही अतिसंकटग्रस्त, आणि दोन्हींचा घात डायक्लोफिनॅकने केला. हे औषध दिलेल्या जनावराचे शव खाल्ल्यास गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे ओक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवून दिले. २००६ मध्ये भारताने त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. शरीरात गेल्यावर त्याच औषधात रूपांतर होणाऱ्या ॲसिक्लोफिनॅकवर मात्र बंदी यायला २०२३ साल उजाडले. कारण एक म्हणून उपायही एकच, हा निष्कर्ष घाईचा ठरतो.

१९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी, तर लांब चोचीच्या गिधाडांची ९६.८ टक्क्यांनी घटली, असे आकडे सर्रास उद्धृत होतात. हजारांमागे एक आणि हजारांमागे बत्तीस असा हा फरक असल्याने तो क्षुल्लक नाही. परंतु दुसऱ्या आकड्यात निमुळत्या चोचीचे गिधाडही मिळवलेले आहे. या दोहोंना पूर्वी एकच जात मानले जाई, त्यामुळे जुन्या गणनेत ती वेगळी काढता येत नाहीत. ही बाब न सांगता केलेली तुलना सदोषच म्हणावी लागेल.

खरा भेद घरट्याचा आहे. लांब चोचीचे गिधाड नाशिकजवळील अंजनेरीसारख्या कड्यांच्या कपारीत विणते. पांढऱ्या पाठीचे गिधाड उंच झाडांवर. रायगड जिल्ह्यातील म्हसळा तालुक्यात चिरगावची वसाहत झाडांवरचीच. दोन्ही पक्षी एका हंगामात एकच अंडे घालतात. घरट्याचे झाड ऐन विणीत तोडले गेले, तर त्या जोडीचे वर्ष वाया जाते. कडा कोणी तोडून नेत नाही.

वसई-विरारचा भूगोल या दृष्टीने बोलका आहे. पश्चिमेस नारळी-आंब्यांच्या वाड्या, पूर्वेस तुंगारेश्वरचा डोंगर. २००३ मध्ये जाहीर झालेल्या अभयारण्याने डोंगराला कायद्याचे कवच मिळाले. किनाऱ्याकडील खासगी वाड्यांतील उंच झाडे त्या हद्दीबाहेर आहेत, आणि अशा झाडांची गरज आहे ती दोहोंपैकी अधिक घटलेल्या जातीला.