नाचातील विनोदी नट आणि हबीब तन्वीर

छत्तीसगढच्या ‘नाचा’विषयी लिहू लागताच मराठी समीक्षकाला प्रथम शब्दाचीच अडचण पडते. आपल्या तमाशातील ‘नाच्या’ निराळा. नाचा हे एका संपूर्ण लोकनाट्यप्रकाराचे नाव आहे. त्यातील ‘जोक्कर’ मात्र आपल्या सोंगाड्याचा सख्खा भाऊ शोभावा असा. लिखित संहिता हाती नसता, केवळ प्रसंगाचा धागा धरून, समोरच्या समुदायाचा रागरंग पाहत तो संवाद रचीत जातो. म्हणजे तो नट तर असतोच, पण त्या रात्रीपुरता नाटककारही असतो. हबीब तन्वीर यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना या दुसऱ्या नात्याकडे बहुधा दुर्लक्ष होते.

रायपूर येथे १९२३ साली जन्मलेले तन्वीर नागपूरच्या मॉरिस कॉलेजचे पदवीधर. १९५५ मध्ये ते लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टमध्ये दाखल झाले. पुढे ब्रिस्टल आणि बर्लिन. तेथील अभिनयशिक्षण इंग्रजी भाषेच्या लयीशी जखडलेले आहे, भाषा बदलली की देहाची चालही बदलते, हे त्यांनी ओळखले. आणि तरीही १९५८ मध्ये ‘मिट्टी की गाडी’साठी सहा नाचा-कलावंतांना दिल्लीस नेल्यावर त्यांनी त्यांच्याकडून हिंदीच वदवून घेतली, रंगमंचावरील त्यांच्या हालचाली पाश्चात्त्य शिस्तीने आखून दिल्या. गावच्या मोकळ्या जागेत वाऱ्यासारखे वावरणारे ठाकुरराम, मदनलाल यांच्यासारखे नट तेथे अवघडून गेले. कारण शोधण्यात बरीच वर्षे गेली, याची कबुली तन्वीरांनीच पुढे दिली. इतके प्रांजळ दिग्दर्शक आपल्याकडे विरळाच!

कोंडी फुटली ती १९७३ च्या रायपूर शिबिरात. तीन जुन्या विनोदी नाट्यप्रसंगांची गुंफण करून ‘गांव के नांव ससुराल, मोर नांव दमाद’ उभे राहिले, तेही छत्तीसगढीत. म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलेली तरुणी आणि तिला वेषांतर करून सोडवणारा प्रियकर, एवढेच कथानक. पण प्रसंगनिष्ठ विनोदाचे सामर्थ्य कथानकात नसतेच. ते नटाच्या हजरजबाबीपणात, योग्य क्षणी धरलेल्या मौनात असते. नटांना त्यांची बोली परत मिळताच हे सारे परत आले.

‘चरणदास चोर’मध्ये (१९७५) या विनोदाने आपली मर्यादा ओलांडली. सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवरून मिरवणार नाही, राणीशी लग्न करणार नाही, राजा होणार नाही, या चोराच्या चार प्रतिज्ञा आरंभी निव्वळ थट्टा वाटतात. ज्याच्या वाट्याला यातले काहीच येणार नाही त्याने ते नाकारावे, यातच गंमत आहे. खोटे न बोलण्याची गुरूला दिलेली पाचवी प्रतिज्ञा तेवढी गंभीर. पुढे एकेक वस्तू खरोखरच दारी येते आणि चोराला नकार द्यावा लागतो, अखेरीस तोच त्याच्या प्राणांवर बेततो. शहरी नट येथे शोकान्ताची चाहूल आधीच देऊ लागला असता. जोक्कर तसे करीत नाही. तो शेवटपर्यंत जोक्करच राहतो, म्हणून ते मरण आपल्याला बेसावध गाठते.

वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’शी (१९६५) तुलना येथे उद्बोधक ठरेल. तेथे दादा कोंडके यांच्या उत्स्फूर्त भरीने प्रयोग बहरला, परंतु लेखकाची संहिता आधी होती आणि तमाशाचा बाज शहरी लेखणीने उचलला होता. तन्वीरांनी बाज उचलला नाही, माणसेच आणली. हा मार्ग अधिक अवघड, आणि माझ्या मते अधिक प्रामाणिक.

परंतु त्याचे श्रेय वाटले गेले ते विषम. १९८२ मध्ये एडिंबरो येथे ‘चरणदास चोर’ला फ्रिंज फर्स्ट पुरस्कार मिळाला, तो सर्वत्र दिग्दर्शकाच्या नावावर नोंदला गेला. चरणदासच्या भूमिकेने ओळखले गेलेले, राजनांदगावजवळच्या मोहारा गावचे गोविंदराम निर्मलकर यांना पद्मश्री मिळाली ती २००९ मध्ये, ज्या वर्षी तन्वीर निवर्तले. त्यानंतरही त्यांचा वृद्धापकाळ विवंचनेतच गेला. २०१४ साली ते वारले. या नटांनी प्रयोगागणिक रचलेले संवाद आज छापील ‘चरणदास चोर’मध्ये आहेत, आणि मुखपृष्ठावर नाव एकाच लेखकाचे आहे.