युरोपाचा रंग : एक पाठचिकित्सा

काही वर्षांपूर्वी एका लेखात गुरूच्या युरोपा या चंद्राविषयी लिहिताना, त्याच्या भेगा कुंकवाने भरल्यासारख्या दिसतात, असे मी लिहून गेलो. समोर 'नासा'ने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेले चित्र होते. शंका घ्यावी असे मनातही आले नाही. त्या चित्रातले रंग फार गडद केलेले होते हे मला २०१४ च्या नोव्हेंबरात कळले. त्या महिन्यात नासाने तीच दृश्ये नव्याने जुळवून 'वास्तवदर्शी' रंगांत काढली. नव्या चित्रातला युरोपा पिवळसर पांढरा आहे आणि भेगा धोतरावर पडलेल्या चहाच्या डागासारख्या.

मग खरा पाठ कोणता?

गॅलिलिओ यानाचा कॅमेरा रंगीत चित्र घेतच नव्हता. एकेका गाळणीतून तो कृष्णधवल चौकट टिपी. चौकट ८०० बाय ८०० बिंदूंची. यानाची मुख्य अँटेना १९९१ मध्ये उघडलीच नाही, म्हणून सगळी माहिती लहान अँटेनातून अतिशय संथ गतीने पाठवावी लागली आणि प्रत्येक चौकट काटकसरीने घेतली गेली. युरोपाच्या या चित्रासाठी ज्या चौकटी वापरल्या त्या तीन गाळण्यांतल्या : जवळचा अवरक्त, हिरवा आणि जांभळा. म्हणजे तांबड्याच्या जागी जो प्रकाश आहे तो आपल्या डोळ्याला जवळपास दिसतच नाही, आणि निळ्याच्या जागी जांभळा आहे. युरोपावरचा तपकिरी द्रव्याचा भाग जांभळ्या प्रकाशात बराच काळवंडतो. ती चौकट निळा म्हणून जशीच्या तशी लावली की भेगा उगीचच तांबूस होतात. हे मी स्वतः करून पाहिले. मूळ चौकटी कोणालाही मिळतात. जांभळा आणि हिरवा यांच्या मधला निळा, हिरवा आणि अवरक्त यांच्या मधला तांबडा, असे अंदाजाने काढत गेलो आणि माझे कुंकू हळूहळू उतरले.

हस्तलिखितांवर काम करणाऱ्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. प्रत हाती आहे, पण हवा तो शब्द तिच्यात नाही. अलीकडच्या-पलीकडच्या ओळींवरून तो बसवायचा. गडद चित्राला खोटे म्हणण्याचे कारण नाही. कुठे निखळ बर्फ आहे आणि कुठे इतर द्रव्य मिसळले आहे, हे भूशास्त्रज्ञाला त्यात चटकन दिसते. चूक होते ती भाष्यालाच संहिता समजल्याने.

२०१४ च्या चित्राबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. 'खरा' न म्हणता 'वास्तवदर्शी' म्हटले, हा शब्द चोख आहे. मराठी समीक्षेला तर सांगायलाच नको की वास्तववाद ही एक शैली आहे. हौशी मंडळींनी अशी चित्रे आपल्याआधीच केली होती, हेही नासाने मोकळेपणाने मान्य केले. (आम्हा घरबसल्या अभ्यासकांना तेवढाच दिलासा.) पण चौकटींमध्ये जिथे रिकाम्या जागा होत्या, तिथे शेजारच्या तशाच भूभागावरून कल्पित रंग भरला आहे. टिपेत तसे सांगितलेही आहे. कुठे भरला ते मात्र चित्रात दिसत नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा तीत पुढे कोणी आपली ओवी घालू नये असे बजावले होते. इथे ओवी घातली आहे, ती घातल्याचे कबूलही केले आहे, फक्त तिचा क्रमांक दिलेला नाही. टिपेवाचून चित्र वर्तमानपत्रात किंवा पाठ्यपुस्तकात जाते तेव्हा तेवढी कबुलीही मागेच राहते.

माझ्या प्रतीत मी त्या जागा काळ्याच ठेवल्या आहेत. पाहणारे म्हणतात, चित्र फाटके दिसते. खाली गाळण्यांची नावे आणि कोणत्या रंगात कोणत्या चौकटीचा किती वाटा घेतला, ते लिहून ठेवले आहे. जुन्या लेखातले ते वाक्य मात्र छापून गेले ते गेलेच. ते इथे मागे घेतो.