दुसरा रिमोट

व्हिडिओगेमवर दिवाळी अंकात समीक्षा लिहावी का, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. तो मलाही पडला होता. पण गेली तीस वर्षे मी पुस्तके जितक्या आवडीने वाचली, तितक्याच आवडीने हे खेळ खेळलो. पुस्तकाबद्दल बोलताना आपण जी काळजी घेतो, ती या खेळांबद्दल बोलताना कोणी घेत नाही, अशी माझी तक्रार आहे. घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, 'पोरं डोळे फोडून घेतात.' पोरे म्हणतात, 'ग्राफिक्स काय भारी आहेत!' या दोन्ही मतांत खेळ कुठेच नाही. नाटकाहून परतलेल्या माणसाने नुसत्या नेपथ्याचे कौतुक करावे आणि नाटक कशावर होते ते विचारल्यावर गप्प बसावे, तसा हा प्रकार आहे.

माझ्या मते खेळाची खरी परीक्षा त्याच्या नियमांत असते. हे नियम समोर बसलेल्या माणसांना काय करायला लावतात, हे पाहिले पाहिजे. एका जुन्या खेळाच्या आधाराने मी हे मांडतो.

खेळाचे नाव 'बॅटल सिटी'. जपानच्या नामको कंपनीने तो १९८५ साली काढला. आमच्या गल्लीत त्याला नुसते 'टँक' म्हणत. पडद्याच्या तळाशी मधोमध विटांच्या भिंतीआड एक गरुड बसलेला असतो. वरून एकेक करून शत्रूचे वीस रणगाडे येतात. त्यांना संपवायचे आणि गरुड राखायचा, एवढीच गोष्ट. असे पस्तीस टप्पे आहेत, आणि पस्तिसावा संपला की पुन्हा पहिला येतो. या खेळात अखेरचा विजय असा नाहीच, हरेपर्यंत खेळायचे. हे सगळे चोवीस किलोबाइटमध्ये मावलेले आहे. आज मोबाइलवर काढलेला एक साधा फोटोही याच्या कितीतरी पट जागा खातो.

याच कंपनीचा १९८० सालचा 'टँक बटालियन' हा याचा पूर्वज. त्यात एका वेळी एकच जण खेळे. 'बॅटल सिटी'ने दुसरा रणगाडा आणला, आणि माझ्या मते या खेळाचे सारे मोठेपण त्या दुसऱ्या रणगाड्यात आहे.

आमच्या घरी तैवानी-चिनी बनावटीचे नकली यंत्र १९९४ च्या दिवाळीत आले. तेव्हा मी सहावीत होतो. बेळगावात आमच्या भिंतीला भिंत लागून एक कन्नड कुटुंब राहत होते. त्यांचा मुलगा माझ्याच वयाचा. त्याची शाळा कन्नड, माझी मराठी. त्याला माझे मराठी अर्धे कळे आणि मला त्याचे कन्नड पाव. पहिला रिमोट माझा, दुसरा त्याचा. हातात धरायच्या त्या बटणांच्या डबीला आम्ही रिमोटच म्हणत असू.

आता नियम पाहा. एकाची गोळी दुसऱ्याला लागली तर तो मरत नाही, पण काही क्षण जागीच थिजतो. म्हणजे सोबत्यावर रागही काढता येतो, आणि त्याचे फळही लगेच भोगावे लागते, कारण तो थिजलेला असताना शत्रू तुमच्या गरुडाकडे निघालेला असतो. तारा मिळाला की रणगाड्याची ताकद वाढते, पण तारा एकच आणि घेणारे दोघे. टप्पा संपला की दोघांनी किती रणगाडे मारले याचा हिशेब शेजारी शेजारी मांडला जातो, आणि ज्याचे जास्त त्याला हजार गुण वर. एकीकडे मदत करायला लावायची आणि दुसरीकडे चढाओढ लावून द्यायची, अशी ही युक्ती आहे. भावाभावांच्या आणि शेजाऱ्याशेजाऱ्यांच्या संसाराचे याहून नेमके चित्र मी फार थोड्या ठिकाणी पाहिले.

सर्वांत कठोर नियम गरुडाचा. शत्रूच्या गोळीने तो पडतोच, पण तुमच्या स्वतःच्या गोळीनेही पडतो. मग कितीही जीव शिल्लक असोत, दोघांचाही खेळ संपला. आम्ही दोघांनीही ही चूक अनेकदा केली. घाईघाईत आपल्याच भिंतीवर मारा करायचा आणि मग एकमेकांकडे बघायचे. गावात बंद असला की शाळा नसे. मोठी माणसे ओट्यावर हळू आवाजात बोलत आणि आम्ही आत दिवसभर टँक खेळत असू. तो ओरडे, 'हिंद नोडो!' मी ओरडे, 'अरे, मागं नको येऊ, गरुडापाशी थांब!' बाहेर काय चालले आहे ते आम्हाला कळत नव्हते असे नाही. पण मागे बघ म्हटले की मागे बघायचे, एवढे कन्नड मला त्या खेळाने शिकवले. ते अजून विसरलेलो नाही.

एक गोष्ट मात्र फार उशिरा माझ्या लक्षात आली. मूळ जपानी यंत्राच्या दुसऱ्या रिमोटवर 'स्टार्ट'चे बटणच नव्हते. आमच्या नकली यंत्राच्याही नव्हते. खेळ थांबवायचा, चालू करायचा हक्क पहिल्या रिमोटवाल्याचा. मला तहान लागली की खेळ थांबे, पण त्याला तहान लागली की त्याने मला विचारायचे. सहा वर्षांत एकदाही त्याने 'आज पहिला मला दे' असे म्हटले नाही आणि मीही दिला नाही. खेळाचे गुण गाताना हा दोष लपवणे बरोबर नाही. तो यंत्राचा होता तितकाच माझाही होता.

तंत्रज्ञानाच्या जगात आज एकच माप चालते, ते म्हणजे नवे आणि अधिक. या मापाला सर्वांत चांगले उत्तर निन्टेंडो कंपनीच्या गुनपेई योकोई या अभियंत्याने देऊन ठेवले आहे. जुने, स्वस्त झालेले, पुरते कळलेले तंत्र घ्यावे आणि त्याचा नवा उपयोग शोधावा, असे ते मानत. १९८९ साली त्यांचा 'गेम बॉय' बाजारात आला. पडदा बिनरंगी, मागे प्रकाश नाही. पुढच्याच वर्षी सेगा कंपनीने रंगीत, प्रकाशमान 'गेम गिअर' आणला. तो सहा सेल घेई आणि काही तासांत संपवी, तर गेम बॉय चार सेलवर कितीतरी अधिक वेळ चाले. पुढची रंगीत आवृत्ती धरून गेम बॉयची विक्री अकरा कोटींच्या वर गेली आणि गेम गिअर मागे पडला. पोरांना प्रवासात खेळ हवा होता, रंग नसले तरी चालणार होते.

माझा मुलगा हे सगळे ऐकून हसतो. त्याचे म्हणणे असे : 'बाबा, तुमचा मित्र भिंतीपलीकडं होता. माझा मित्र बेंगळुरूला गेला. त्याच्याशी मी कानाला हेडफोन लावूनच खेळणार ना?' यावर माझ्याजवळ उत्तर नाही, आणि नसलेले बरे. त्यानेच मला स्वीडनमधल्या मंडळींचा २०२१ चा 'इट टेक्स टू' हा खेळ दाखवला. तो एकट्याने खेळताच येत नाही. शिवाय एकाने विकत घेतला की दुसऱ्याला लांबूनही फुकट सामील होता येते. म्हणजे दुसऱ्या रिमोटची कल्पना मेलेली नाही. ती दुर्मीळ झाली आहे इतकेच.

पण एका बाबतीत मी माघार घेणार नाही. आमची कॅसेट आमची होती. 'द क्रू' हा मोटारींचा खेळ लोकांनी २०१४ पासून पैसे मोजून घेतला होता. कंपनीने ३१ मार्च २०२४ रोजी त्याचे सर्व्हर बंद केले आणि घेतलेला खेळ कोणालाच खेळता येईना. त्यातून युरोपात चळवळ उभी राहिली आणि २०२५ च्या जुलैत तिच्या मागणीवर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. इथे 'स्टार्ट'चे बटण कंपनीकडे आहे आणि खेळणारे सगळेच दुसऱ्या रिमोटवर आहेत.

अर्थात, हे म्हणण्याचा मला पुरता अधिकार नाही. आमची कॅसेट चोरीची होती. मूळ कर्त्यांना तिचा एक पैसाही मिळाला नसेल. मोठेपणी वाचले की, 'बॅटल सिटी'च्या आज्ञावलीत तिच्या कर्त्याने एक वाक्य लपवून ठेवले आहे. हे लिहिणाऱ्याचे नोरिको नावाच्या मुलीवर प्रेम आहे, असा त्याचा अर्थ. पडद्यावर ते कधीच दिसत नाही. इतकी वर्षे आम्ही त्या माणसाचे नावही न जाणता त्याच्या घरात राहत होतो.

गेल्या दिवाळीत मुलांनी अंगणात मातीचा किल्ला केला, तेव्हा मला या खेळातला 'कन्स्ट्रक्शन' आठवला. त्यात विटा, पोलाद, पाणी, झाडी मांडून आपली रणभूमी आपणच रचता येते. मित्र आता हुबळीला असतो. तो भाऊबीजेला बहिणीकडे आला तेव्हा मी जुने यंत्र काढले. ते चालू झाले. मी पहिला रिमोट त्याच्यापुढे धरला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला आणि परत केला. म्हणाला, 'मला ह्याची सवय नाही रे. तूच घे.'

दुसऱ्या टप्प्यावर मी गरुड पाडला.