गाणे, मौन आणि वकिली : ‘जैत रे जैत’ व ‘आक्रोश’मधील आदिवासी व्यक्तिरेखांचा तुलनात्मक अभ्यास

प्रस्तावना

कथा-कादंबरीतील अथवा चित्रपटातील पात्राचा विचार करताना सामान्यतः त्याचा स्वभाव, त्याचा संघर्ष आणि त्याच्यात घडून येणारे परिवर्तन या तीन अंगांनी विवेचन केले जाते. ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये मांडलेली ‘सपाट’ व ‘गोलाकार’ पात्रांची विभागणी आजही महाविद्यालयीन अध्यापनात प्रमाण मानली जाते. परंतु लेखक एका समाजातील आणि पात्र दुसऱ्या समाजातील असते, तेव्हा ही मोजपट्टी अपुरी पडते. अशा वेळी आणखी तीन प्रश्न विचारावे लागतात. पात्र कोणत्या भाषेत बोलते? ते कोणाशी बोलते? आणि त्याच्या कथेचा शेवट कोणाच्या मरणाने घडतो?

प्रस्तुत लेखात या तीन प्रश्नांच्या आधारे ‘जैत रे जैत’मधील नाग्या आणि ‘आक्रोश’मधील लहान्या भिकू या दोन व्यक्तिरेखांची तुलना केली आहे. ‘आक्रोश’मधील सरकारी वकील दुसाने ही तिसरी व्यक्तिरेखा या दोघांमध्ये ठेवून पाहिल्याशिवाय ही तुलना पूर्ण होत नाही, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

या विषयाची निवड स्थानिक संदर्भातही महत्त्वाची ठरते. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या तळोद्यात मराठीच्या वर्गात बसणारा विद्यार्थी पुष्कळदा घरी भिलोरी किंवा पावरी बोलणारा असतो. पडद्यावरचा आणि पुस्तकातला आदिवासी कसा बोलतो, हा प्रश्न त्याच्यासाठी केवळ वाङ्मयीन राहत नाही.

नाग्या : गाणारा नायक

गो. नी. दांडेकर यांच्या ‘जैत रे जैत’ या कादंबरीवर आधारित त्याच नावाचा चित्रपट डॉ. जब्बार पटेल यांनी १९७७ मध्ये दिग्दर्शित केला. कर्नाळ्याच्या परिसरातील ठाकर समाज ही या कथेची पार्श्वभूमी आहे. भगताचा मुलगा असलेला नाग्या पुण्यवंत होण्याची आस बाळगतो. मधमाशीच्या दंशाने त्याचा डोळा जातो. आपल्यासारख्या श्रद्धावानाच्या वाट्याला हे का आले, हा प्रश्न त्याला स्वस्थ बसू देत नाही. लिंगोबाच्या डोंगरावरील पोळी उद्ध्वस्त करण्याचा निर्धार तो करतो. ज्या माश्यांना अवघा समाज दैवताच्या ठिकाणी मानतो, त्यांनाच तो आव्हान देतो. श्रद्धेकडून संशयाकडे आणि संशयाकडून कृतीकडे होणारा हा प्रवास पाहता, फॉर्स्टरच्या कसोटीवर नाग्या निःसंशय ‘गोलाकार’ पात्र ठरतो.

चित्रपटात त्याचे अंतरंग मुख्यतः गीतांतून व्यक्त होते. ना. धों. महानोर यांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत, मोहन आगाशे व स्मिता पाटील यांचा अभिनय यांमुळे ही कलाकृती मराठी चित्रपटाच्या इतिहासात मानाच्या स्थानी आहे. मात्र येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. ठाकर पात्राच्या मुखी येणारे शब्द महानोरांच्या रानातल्या कवितेचे आहेत. ते सुंदर आहेत, लोकलयीशी इमान राखणारे आहेत. तथापि, ते दुसऱ्या प्रदेशातील आणि दुसऱ्या समाजातील कवीने दिलेले आहेत.

नाग्याचा श्रोता कोण, या प्रश्नाचे उत्तरही लक्षणीय आहे. तो देवाशी, डोंगराशी, ढोलाशी आणि चिंधीशी बोलतो. त्याच्या मध्यवर्ती संघर्षात प्रतिपक्ष म्हणून सावकार, जंगलखाते किंवा कचेरी उभी राहत नाही. त्याची लढाई निसर्गाशी आणि श्रद्धेशी आहे. त्यामुळे तो भव्य वाटतो आणि त्याच कारणाने शहरी प्रेक्षकाला निर्धास्तही वाटतो. त्याच्या दुःखाला प्रेक्षकापैकी कोणीही जबाबदार नसतो.

लहान्या भिकू : न बोलणारा आरोपी

१९८० चा ‘आक्रोश’ हा गोविंद निहलानी यांनी दिग्दर्शित केलेला पहिला कथापट. कथा-पटकथा विजय तेंडुलकर यांची. ‘जैत रे जैत’ कादंबरीतून पडद्यावर आले, तर ‘आक्रोश’ पडद्यासाठीच लिहिला गेला. लेखक मराठी, पात्रांची नावे मराठी, परिसर महाराष्ट्राचा आणि चित्रपटाची भाषा हिंदी, अशी त्याची रचना आहे. पत्नी नागीच्या खुनाचा आरोप असलेला लहान्या आपल्या बचावासाठी नेमलेल्या भास्कर कुलकर्णी या तरुण वकिलाशी एक शब्दही बोलत नाही. गावातील प्रतिष्ठितांनी नागीवर अत्याचार केला आणि खुनाचा आळ नवऱ्यावर आला, हे प्रेक्षकाला हळूहळू उलगडत जाते. बापाच्या चितेपाशी बेड्यांसह आणलेला लहान्या कुऱ्हाड उचलतो आणि नागीची गत बहिणीच्या वाट्याला येऊ नये म्हणून तिलाच ठार करतो. त्यानंतर त्याच्या कंठातून निघते ती फक्त किंकाळी.

ओम पुरी यांनी केवळ डोळ्यांनी उभे केलेले हे मौन पुष्कळदा असहायतेचे चिन्ह मानले जाते. बारकाईने पाहता ते एक प्रकारचे उत्तरही आहे. ज्या न्यायालयाची भाषा, साक्षीदार आणि पुरावे सारे दुसऱ्यांच्या हाती आहेत, तेथे बोलणे म्हणजे उरलेल्या माणसांचा जीव धोक्यात घालणे होय, हे लहान्या जाणतो. गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी १९८८ मध्ये विचारलेला तळातील माणूस बोलू शकतो का, हा प्रश्न येथे आठ वर्षे आधीच दृश्यरूपात उभा आहे. प्रश्न जिभेचा नसून कानांचा आहे. ऐकणारी व्यवस्था नसेल तर बोलण्याला अर्थ उरत नाही.

दोन स्त्रिया, एक अभिनेत्री

चिंधी आणि नागी या दोन्ही भूमिका स्मिता पाटील यांनी केल्या. शिरपूरच्या घराण्याशी नाते असल्याने खानदेशाला त्या आपल्या वाटतात. चिंधी नकोशा नवऱ्याला सोडते, नाग्याची निवड स्वतः करते आणि त्याच्या निर्धारात बरोबरीने उभी राहते. नागी मात्र केवळ पूर्वस्मृतीतून दिसते. तिची बाजू तिच्या तोंडून कधीच ऐकू येत नाही. स्वभावचित्रणाच्या दृष्टीने या दोघींमध्ये मोठे अंतर आहे. परंतु कथेच्या रचनेत दोघींचे स्थान एकच आहे. नाग्याची ‘जैत’ पूर्ण होते तेव्हा चिंधी माश्यांच्या दंशाने मरते. लहान्याचा आक्रोश फुटतो तो नागीच्या व बहिणीच्या मरणानंतर. पुरुषाच्या कथेला अर्थ देण्यासाठी स्त्रीला मरावे लागते, ही दोन्ही चित्रपटांची सामायिक मर्यादा आहे.

महाश्वेता देवी यांच्या ‘द्रौपदी’ या बंगाली कथेतील संथाळ नायिका दोपदी मेझेन हिच्याशी तुलना केली असता ही मर्यादा अधिक स्पष्ट होते. अत्याचारानंतर दोपदी वस्त्र नाकारून सेनानायकासमोर उभी राहते आणि शस्त्रधारी अधिकाऱ्यालाच भय वाटते. ती जिवंत राहते, आणि कथेचा शेवट तिच्या हाती राहतो.

दुसाने : दोन्ही भाषा जाणणारा

‘आक्रोश’वरील चर्चा बहुधा लहान्या आणि भास्कर यांच्याभोवती फिरते. अमरीश पुरी यांनी साकारलेला सरकारी वकील दुसाने याच्याकडे तडजोडवादी, व्यवस्थेचा भागीदार म्हणून पाहिले जाते. वास्तविक तो जन्माने आदिवासी आहे. शिक्षणाच्या बळावर तो कायद्याची भाषा सफाईने बोलतो, भास्करला गुरुस्थानी आहे, गावातील सत्ताधाऱ्यांत त्याची ऊठबस आहे. तरीही दूरध्वनीवर येणाऱ्या निनावी शिव्या त्याला त्याची जात विसरू देत नाहीत. त्या शिव्यांना तो जाहीर उत्तर देत नाही आणि लहान्याविरुद्धचा खटला चालवतो.

नाग्याला गाणे मिळाले, लहान्याला मौन मिळाले. दुसाने याला वकिली मिळाली. तो सर्वांत जास्त बोलतो आणि स्वतःविषयी सर्वांत कमी बोलतो. लहान्याचे मौन दिसते, त्यामुळे ते प्रेक्षकाला अस्वस्थ करते. दुसाने याचे मौन अस्खलित वक्तृत्वामागे दडलेले असल्याने ते अपराध म्हणून वाचले जाते. या पात्राचा अपराध नाकारण्याचे कारण नाही. परंतु समाजाने शिकलेल्या आदिवासीपुढे ठेवलेली अट त्याच्या रूपाने उघड होते, ती अशी की भाषा शिक, पद घे, पण आपल्या माणसांविषयी बोलू नकोस.

तळोद्याच्या वर्गात बसलेला पदवीचा विद्यार्थी डोंगरावरील नाग्यापेक्षा आणि कोठडीतील लहान्यापेक्षा दुसाने याच्या अधिक जवळ आहे. त्याच्या हाती दोन भाषा आहेत. त्यांचे तो काय करील, हा प्रश्न चित्रपटाने मोकळा ठेवला आहे.

परिसरातून मिळालेले उत्तर

या प्रश्नाचे एक उत्तर याच परिसरात, ‘आक्रोश’च्याही आधी आकार घेत होते. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी अंबरसिंग सुरतवंती यांच्या पुढाकाराने शहादा-तळोदा भागातील आदिवासी शेतमजूर जमीन, मजुरी आणि सन्मान यांसाठी संघटित झाले. १९७२ मध्ये श्रमिक संघटना स्थापन झाली. आदिवासी स्त्रियांनी दारूविरोधी आंदोलन उभारले, सभांतून आपली गाऱ्हाणी मांडली. म्हणजे पडद्यावरील आदिवासी डोंगराशी बोलत होता किंवा गप्प होता, त्याच दशकात प्रत्यक्षातील आदिवासी सभेत बोलत होता. या दोन्ही चित्रपटांत सभेत उभा राहून बोलणारा आदिवासी नायकपदी नाही. ‘आक्रोश’मध्ये कार्यकर्ता आहे, परंतु तोही बाहेरून आलेला आहे.

याच चळवळीतून वाहरू सोनवणे यांची कविता आली. ‘गोधड’ या त्यांच्या संग्रहातील ‘स्टेज’ ही कविता प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाची आहे. आदिवासींचे दुःख व्यासपीठावरून इतरांनी सांगावे आणि ज्यांचे ते दुःख आहे त्यांनी खाली बसून ऐकावे, या स्थितीवर ती बोट ठेवते. तिचा रोख शोषकाकडे जितका आहे, तितकाच सहानुभूती बाळगणाऱ्याकडेही आहे. दांडेकर, पटेल, तेंडुलकर, निहलानी या सर्वांची आस्था निर्विवाद असूनही या प्रश्नातून त्यांची सुटका होत नाही. पुढे भुजंग मेश्राम यांच्या ‘उलगुलान’ने मराठी कवितेत आदिवासी शब्दकळेला हक्काने जागा मिळवून दिली. या कवींजवळही दुसाने याच्याप्रमाणेच दोन भाषा होत्या. त्यांनी दुसरी भाषा पहिलीच्या बाजूने वापरली, हाच काय तो फरक. आणि तो निर्णायक आहे.

निष्कर्ष

१. नाग्या हे मानसिक परिवर्तनाच्या दृष्टीने समृद्ध पात्र आहे. मात्र त्याचा संघर्ष निसर्ग व श्रद्धा यांच्यापुरता राहिल्याने सामाजिक प्रतिपक्ष अदृश्य राहतो.

२. लहान्या भिकूचे मौन हे न ऐकणाऱ्या व्यवस्थेला दिलेले उत्तर आहे. त्याला केवळ असहायता म्हणणे अपुरे ठरते.

३. दोन्ही कलाकृतींत स्त्री-पात्रांचे मरण पुरुषाच्या कथेला पूर्णत्व देते.

४. दुसाने ही या तुलनेतील कळीची व्यक्तिरेखा आहे. शिक्षित आदिवासीच्या कोंडीचे असे चित्रण दुर्लक्षित राहू नये.

५. या चित्रपटांचे अध्यापन ‘गोधड’सारख्या आदिवासी लेखनासोबत व्हावे. बाहेरून रंगवलेले पात्र आणि आतून उमटलेला स्वर शेजारी ठेवल्याशिवाय दोहोंचेही मूल्यमापन होऊ शकत नाही.

अध्यापनाच्या पातळीवर एक छोटासा उपक्रम शक्य आहे. खटला संपल्यानंतर दुसाने आपल्या आईशी काय बोलला असता, हे विद्यार्थ्यांनी भिलोरीत, पावरीत किंवा आपापल्या घरच्या बोलीत लिहावे आणि मग त्याचे मराठी करावे. तेंडुलकरांनी न लिहिलेला तो प्रसंग लिहिण्याचा अधिकार या वर्गाइतका क्वचितच कोणाला असेल.