विषकन्येचे नवे रूप : ‘धाकड’

रजनीश घई दिग्दर्शित ‘धाकड’ (२०२२) हा नायिकाप्रधान मारधाडपट प्रेक्षकांनी आणि बहुतेक समीक्षकांनी नाकारला. त्याचे न्यून साहसदृश्यांत नसून, संहितेने नायिकेला नाकारलेल्या निर्णयाधिकारात आहे.

विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षसा’त राक्षसाने चंद्रगुप्तासाठी योजलेली विषकन्या चाणक्य पर्वतकाकडे वळवतो. तिला नाव नाही, रंगमंचावर प्रवेश नाही. दोन मुत्सद्द्यांच्या डावातील ती केवळ साधन. ‘धाकड’मधील अग्नीला नाव आहे, पडदाही तिचाच आहे. तथापि आईवडिलांच्या हत्येनंतर तिला वाढवणारा वरिष्ठच तिला घडवतो आणि योजतो. आदिबंध तोच, विषाच्या जागी बंदूक आली, इतकेच. युरिपिडीसची इलेक्ट्रा भावासह तलवारीला हात घालते आणि नंतर पश्चात्तापाने पोळते. अग्नीकडे तिने केलेल्या हत्यांचा हिशेब संहिता मागतच नाही.

चित्रणस्थळामुळे हे न्यून अधिक जाणवते. चित्रपटाचा काही भाग बैतूल या मराठीभाषकही असलेल्या सीमावर्ती जिल्ह्यात, सारणीच्या कोळसापट्ट्यात चित्रित झाला. हा गोंडवनाचा प्रदेश. याच गोंडवनातील गढा-मंडला राज्याची, म्हणजे आजच्या जबलपूर-मंडला परिसराची, राणी दुर्गावती १५६४ मध्ये मोगल सैन्याशी लढली. पराभव अटळ दिसताच शत्रूच्या हाती न पडता तिने मरण पत्करले. लोकस्मृतीत तिच्या शस्त्राइतकाच तिचा निर्णयही टिकून आहे. ‘धाकड’ने या भूमीची केवळ पार्श्वभूमी घेतली. शस्त्र कोणाविरुद्ध उचलावे हे स्वतः ठरवणारी नायिका मात्र त्याला तेथे दिसली नाही.